आरसा धरला तेव्हा: दीर्घिकांच्या फिरकीचं एक प्रकरण

लाखभर लोकांनी आपापल्या संगणकावर दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य समूहांची, चित्रं पाहिली, प्रत्येकीचा आकार सांगितला, आणि त्या उत्तरांच्या बेरजेतून एक अनपेक्षित गोष्ट वर आली. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं वळलेल्या दीर्घिका जास्त भरत होत्या. फरक थोडाच होता. पण नोंदी लाखोंच्या घरात असल्या की थोडा फरकही योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. मग कल विश्वाला होता की पाहणाऱ्यांना?

प्रकल्पाचं नाव गॅलॅक्सी झू. तो जगजाहीर आहे, त्यामुळे नाव लपवण्यात अर्थ नाही. त्यात भाग घेतलेल्या माणसांची नावं मात्र मी मुद्दाम वगळली आहेत. लोकविज्ञान, म्हणजे सामान्य लोकांच्या मदतीनं केलेलं विज्ञान, म्हटलं की लोक किती आले, नोंदी किती झाल्या, हे आकडे सगळे सांगतात. त्या आकड्यांवर विश्वास कसा बसवला जातो, हे क्वचितच कुणी सांगतं. या प्रकरणात ते पायरीपायरीनं दिसतं, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

पार्श्वभूमी

शास्त्रज्ञानं सामान्य माणसांना ‘तुम्ही पाहा आणि मला कळवा’ असं म्हणणं नवीन नाही. 1715 मध्ये इंग्लंडवरून खग्रास सूर्यग्रहणाची सावली जाणार होती. एडमंड हॅलीनं तिच्या वाटेचा नकाशा छापला आणि ज्यांना हौस आहे त्यांनी ग्रहण किती वेळ टिकलं ते मोजून कळवावं, असं आवाहन केलं. ठिकठिकाणांहून नोंदी आल्या आणि त्यांवरून सावलीच्या कडा हॅलीला दुरुस्त करता आल्या. 1835 च्या जूनमध्ये विल्यम ह्यूएल या इंग्रज विद्वानानं नऊ देशांच्या किनाऱ्यांवरच्या साडेसहाशेहून अधिक ठिकाणी पंधरवडाभर एकाच वेळी भरती-ओहोटी मोजवून घेतली. 1900 च्या नाताळात उत्तर अमेरिकेत 27 जणांनी 25 ठिकाणी पक्षी मोजले. ती गणना आजही दरवर्षी होते.

या तिन्ही उदाहरणांत कामाची वाटणी सारखीच आहे. प्रश्न एकाचा, डोळे अनेकांचे, हिशेब पुन्हा त्या एकाचा. ‘सिटिझन सायन्स’ हा शब्द या अर्थानं 1990 च्या दशकात रुळला, पण ही वाटणी त्याच्या कितीतरी आधीची आहे. गॅलॅक्सी झू सुरू झाला तोही याच वाटणीवर.

2000 साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीनं स्लोन डिजिटल आकाश सर्वेक्षण सुरू झालं. काही वर्षांतच त्यातून जवळपास नऊ लाख दीर्घिकांची चित्रं हाताशी आली. ऑक्सफर्डमधल्या एका संशोधक विद्यार्थ्याला त्यांतल्या लंबवर्तुळाकार दीर्घिका वेगळ्या काढायच्या होत्या. त्यानं स्वतः बसून 50,000 दीर्घिका पाहिल्या. उरलेल्या आठ लाखांहून अधिक एकट्यानं पाहणं शक्य नव्हतं.

पहिला निर्णय: यंत्र की माणसं

त्या वेळी यंत्राकडून वर्गीकरण करून घेण्याच्या पद्धती होत्या. त्या बहुतेक करून दीर्घिकेचा रंग किंवा तिच्या प्रकाशाचं केंद्राकडे असलेलं एकवटणं पाहून आकाराचा अंदाज बांधत. सर्वसाधारणपणे सर्पिल, म्हणजे गुंडाळलेल्या भुजांच्या, दीर्घिका निळसर आणि लंबवर्तुळाकार तांबूस असतात, त्यामुळे अंदाज बऱ्याचदा बरोबर येई. पण या विद्यार्थ्याला शोधायच्या होत्या त्या निळ्या लंबवर्तुळाकार दीर्घिका, म्हणजे नेमके अपवाद. रंगावरून आकार ठरवला असता तर त्या आधीच सर्पिलांच्या ढिगात जाऊन बसल्या असत्या.

म्हणून माणसांचे डोळे निवडले गेले. काटकसर म्हणून किंवा प्रसिद्धीसाठी नव्हे, तर रंग बाजूला ठेवून आकार पाहणं यंत्राला तेव्हा जमत नव्हतं म्हणून. लोकविज्ञानाचा प्रकल्प आखणाऱ्यानं हा प्रश्न सर्वांत आधी स्वतःला विचारावा असं मला वाटतं: इथे माणूसच का हवा? याचं उत्तर देता येत नसेल, तर आपण लोकांचा वेळ फुकट घालवतो आहोत.

जुलै 2007 मध्ये संकेतस्थळ सुरू झालं. पडद्यावर एक चित्र आणि शेजारी सहा बटणं: लंबवर्तुळाकार, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळणारी सर्पिल, उलट वळणारी सर्पिल, कडेनं दिसणारी किंवा दिशा न कळणारी, दोन दीर्घिकांची टक्कर, आणि तारा किंवा ‘कळत नाही’. पहिल्याच दिवशी इतकी गर्दी झाली की चित्रं पुरवणारा सर्व्हर कोलमडला. तो पुन्हा उभा राहिला तेव्हा, पहिल्या चोवीस तासांच्या आत, तासाला 70,000 च्या आसपास वर्गीकरणं येऊ लागली होती. पहिल्या वर्षात दीड लाख माणसांकडून पाच कोटींहून अधिक वर्गीकरणं आली.

या गर्दीचा खरा उपयोग वेग हा नव्हता. एकच दीर्घिका तीस-चाळीस वेगवेगळ्या लोकांनी पाहिली होती. त्यामुळे ‘ही सर्पिल आहे’ एवढंच न सांगता, किती जणांना ती सर्पिल वाटली हेही सांगता येत होतं. एकट्या तज्ज्ञाच्या यादीत शंकेला जागा नसते. इथे प्रत्येक नोंदीबरोबर तिची शंकाही मोजलेली होती.

अडचण

सर्पिल दीर्घिकेची फिरकी, म्हणजे वळणाची दिशा, विचारण्यामागे कारण होतं. आपण विश्वाकडे कुठल्याही दिशेनं पाहिलं तरी मोठ्या प्रमाणावर ते सारखंच दिसावं, हे आधुनिक विश्वरचनाशास्त्राचं मूळ गृहीतक आहे. दीर्घिका आपल्याला सुलट (घड्याळाच्या काट्यांप्रमाणे) वळलेली दिसते की उलट, हे ती कुठून पाहिली यावर अवलंबून असतं. पलीकडच्या बाजूनं पाहणाऱ्याला तीच दीर्घिका विरुद्ध दिशेला वळलेली दिसेल. म्हणून दोन्ही प्रकार साधारण निम्मे-निम्मे असायला हवेत. पण 2007 मध्येच एका भौतिकशास्त्रज्ञानं तुलनेनं छोट्या नमुन्यावरून दावा केला होता की आकाशाच्या एका बाजूला एक फिरकी जास्त आढळते. गॅलॅक्सी झूच्या गटातल्या काहींना हा दावा मोठ्या नमुन्यावर तपासायचा होता. म्हणून सहांपैकी दोन बटणं फिरकीसाठी राखलेली होती.

आणि नोंदी आल्या त्या उलट वळणाऱ्यांच्या बाजूनं झुकलेल्या.

या क्षणाचं दडपण समजून घ्यायला हवं. हा निष्कर्ष खरा निघाला तर शोध फार मोठा होता. खोटा निघाला तर ‘सामान्य लोकांकडून विज्ञान करवून घेतलं की असंच होणार’ म्हणायला टीकाकार तयारच होते. उत्सुकतेपोटी पुढे आलेले लाखभर लोकही निकालाकडे डोळे लावून होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आलं तसं प्रसिद्ध करणं. नमुना प्रचंड, फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठळक. गणिताच्या अंगानं याला कुणी हरकत घेतली नसती. पण संख्याशास्त्र योगायोगानं होणारी चूक पकडतं. सगळ्यांकडून एकाच बाजूला होणारी चूक त्याला दिसत नाही. माणसं वाढवली की पहिली चूक कमी होते, दुसरी मात्र अधिकच ठाम होत जाते. लोकविज्ञानाबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आढळतो. ‘इतक्या लोकांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार’ हे वाक्य फक्त पहिल्या प्रकारच्या चुकीबाबत खरं आहे.

दुसरा पर्याय, फिरकीच्या नोंदी गुपचूप बाजूला ठेवून आकाराच्या तेवढ्या वापरणं. यात धोका कमी होता. पण मग आकाराच्या नोंदींत असाच काही कल नाही हे कशावरून?

तिसरा पर्याय, काही हजार दीर्घिका तज्ज्ञांकडून तपासून घेणं. प्रामाणिक मार्ग वाटतो, पण त्यात एक छिद्र आहे. तज्ज्ञाचा मेंदूही माणसाचाच. कल माणसाच्या नजरेचा असेल तर तज्ज्ञ त्यावर शिक्कामोर्तबच करेल.

चौथा पर्याय गटानं निवडला: काही दीर्घिकांची चित्रं आरशात उलटवून पुन्हा लोकांपुढे ठेवायची.

काय केलं

युक्ती साधी आहे. चित्र उलटवलं की सुलट दीर्घिका उलट होते आणि उलट दीर्घिका सुलट. विश्वातच उलट वळणाऱ्या जास्त असतील, तर आरशातल्या चित्रांत सुलट जास्त भरायला हव्यात. पाहणाऱ्यांनाच उलटेपणाचा कल असेल, तर आरशातल्या चित्रांतही उलटच जास्त भरतील. उत्तर काहीही आलं तरी ते नि:संदिग्ध असणार होतं.

त्याबरोबर काही चित्रं रंग काढून, काळी-पांढरी करूनही दाखवली गेली. लोक आकार पाहतात की नकळत रंगावरून ठरवतात, हे त्यातून कळणार होतं. यंत्र नको म्हणण्याचं कारणच रंग होतं, तेव्हा माणसं त्याच खड्ड्यात पडत नाहीत ना हे पाहणं भागच होतं. आपल्या मूळ गृहीतकालाच अशी परीक्षा लावायला मनाचा मोठेपणा लागतो. मला या गटाबद्दल सर्वाधिक आदर वाटतो तो या ठिकाणी.

आरशातल्या चित्रांतही उलट वळणाऱ्याच जास्त भरल्या. कल पाहणाऱ्यांचा होता.

2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात, ज्यांच्या दिशेबद्दल लोकांचं ठाम एकमत होतं अशा सुमारे 37,000 सर्पिल दीर्घिका घेऊन आणि हा कल वजा करून हिशेब मांडला गेला. विश्वाला एकंदर फिरकीची आवडनिवड असल्याचा पुरावा मिळाला नाही. आधीच्या दाव्यांमागेही असाच कल असू शकतो, असं त्यांनी नोंदवलं. म्हणजे लाखभर हौशी लोकांच्या निमित्तानं एक अशी चूक उघडी पडली, जी मोजक्या माणसांच्या कामात तशीच दबून राहिली असती.

बटणांच्या बाहेर

दरम्यान दुसरंच काही घडत होतं. ईमेलांचा इतका पाऊस पडला की गटाला उत्तरं देणं झेपेना. त्यांनी लोकांना आपापसांत बोलता यावं म्हणून एक चर्चामंच उघडून दिला. सोय म्हणून केलेली ही गोष्ट माझ्या मते या प्रकल्पातला सर्वांत दूरगामी निर्णय ठरली.

ऑगस्ट 2007 मध्ये नेदरलँड्समधल्या एका शाळाशिक्षिकेला आयसी 2497 या दीर्घिकेच्या शेजारी एक निळसर डाग दिसला. सहांपैकी एकाही बटणात तो बसत नव्हता. तिनं एवढंच विचारलं, हे काय आहे? गटातल्या कुणाकडेही उत्तर नव्हतं. मग मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या, पुढे हबल अवकाश दुर्बिणीनंही त्याचं चित्र घेतलं. तो तापलेल्या वायूचा दीर्घिकेएवढा मोठा ढग निघाला. शेजारच्या दीर्घिकेच्या केंद्रात पूर्वी एक क्वेसार, म्हणजे कृष्णविवराभोवतीचा अतितेजस्वी गाभा, जळत होता, तो आता मंदावला आहे, पण त्याचा जुना प्रकाश या ढगावर पडलेला आपल्याला अजून दिसतो आहे. त्या वस्तूला त्या शिक्षिकेच्या नावानं ‘हॅनीज वूरवेर्प’ म्हणतात. डच भाषेत वूरवेर्प म्हणजे नुसती ‘वस्तू’. नंतर स्वयंसेवकांनी अशा ढगांचा पद्धतशीर शोध घेतला आणि आणखी डझनभराहून अधिक सापडले.

दुसरी गोष्ट हिरव्या ठिपक्यांची. मंचावर काही जण गंमत म्हणून छोट्या, गोल, हिरव्या वस्तू जमवू लागले आणि त्यांना ‘वाटाणे’ म्हणू लागले. गंमत वाढत गेली तशी शिस्तही आली. वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड, कसा वाचायचा ते लोक शिकले, कोणता ठिपका वाटाणा मानायचा याचे निकष त्यांनी ठरवले, खोटे वाटाणे गाळले. 2009 मध्ये यावर शोधनिबंध आला. आकारानं लहान, पण प्रचंड वेगानं तारे जन्माला घालणाऱ्या दीर्घिकांचा हा वेगळा वर्ग होता. जेम्स वेब दुर्बिणीनं फार दूरच्या, म्हणजे विश्वाच्या बालपणातल्या दीर्घिका दाखवल्या, तेव्हा त्यांतल्या काही या वाटाण्यांसारख्या असल्याचं 2023 मध्ये जाहीर झालं.

हॅली आणि ह्यूएल यांच्या वाटणीत प्रश्न वरून खाली येत असे. इथे तो खालून वर गेला. प्रकल्प आखताना ही वाट कुणी बांधलेली नव्हती. नेमकं वेळेवर कुणीतरी मंच उघडला आणि कुणीतरी तो वाचत होतं, म्हणून ती तयार झाली.

निष्पत्ती

फेब्रुवारी 2009 मध्ये गॅलॅक्सी झूची दुसरी फेरी आली. तिच्यात तीन लाखांहून थोड्या अधिक दीर्घिका निवडून प्रश्न जास्त खोलात नेले: भुजा किती, त्या किती घट्ट गुंडाळलेल्या, मध्ये पट्टा आहे का. फिरकीची दिशा या फेरीत विचारलीच नाही. एक नवा प्रश्न मात्र आला, ‘यात काही विचित्र दिसतंय का?’ पहिल्या फेरीत बटणांच्या बाहेर जे घडलं, त्याला आता बटण मिळालं होतं. त्याच वर्षी झूनिव्हर्स हा मोठा मंच उभा राहिला आणि हीच पद्धत वन्यप्राण्यांच्या छायाचित्रांपासून जुन्या हस्तलिखितांपर्यंत पोचली.

फिरकीचा विषय मात्र मिटला नव्हता. उलट दिशेचा कल आहे हे कळलं होतं, तो येतो कुठून हे कळलं नव्हतं. सगळ्यांनी धरलं होतं की लोक सुलट दीर्घिकेला चुकून उलट म्हणत असावेत. 2017 मध्ये एका वेगळ्या गटानं त्याच जुन्या नोंदी पुन्हा उघडल्या आणि दाखवलं की गोष्ट तशी नाही. उलटच्या खात्यातली जास्तीची मतं सुलटच्या खात्यातून आलेलीच नव्हती. ती लंबवर्तुळाकार आणि कडेनं दिसणाऱ्या दीर्घिकांच्या खात्यातून आली होती. अंधुक चित्रात उलट वळण असलं तर माणसाला सर्पिल चटकन ओळखू येते. सुलट असलं तर तो तिला सर्पिल न म्हणता पुढे जातो. चूक दिशा सांगण्यात नव्हती, सर्पिल कोण हे निवडण्यात होती.

हे त्यांनी सिद्ध कसं केलं? सर्पिल कोणती हे ठरवण्याचं काम त्यांनी दिशेबाबत नि:पक्ष असलेल्या यंत्राकडे दिलं आणि दिशा मात्र लोकांनी सांगितली तीच ठेवली. उलट वळणाऱ्यांचं आधिक्य नाहीसं झालं. दहा वर्षांपूर्वी ज्या कामासाठी यंत्र बाजूला ठेवलं होतं, त्याच कामातली माणसाची त्रुटी यंत्रानं दाखवली, आणि तीही माणसांनी जमवलेल्या नोंदींच्या आधारावर.

पुन्हा करायचं झालं तर

सर्वांत मोठा बदल अगदी स्वस्त आहे. पहिल्या दिवसापासून प्रत्येक चित्र दाखवताना नाणेफेक करावी: काटा पडला तर सरळ, छापा पडला तर आरशातलं. असं केलं असतं तर कल प्रत्येक दीर्घिकेपाशीच फिटला असता. प्रत्यक्षात आरशाची चाचणी नंतर आणि थोड्याच चित्रांवर झाली, त्यामुळे मूळ यादी कधीच पूर्ण दुरुस्त झाली नाही. परीक्षा मागाहून जोडण्यापेक्षा ती मांडणीतच विणलेली असावी. हा नियम पक्षिगणनेलाही लागू आहे. तिथे आरसा नसेल, पण एकच जागा दोन माणसांनी एकमेकांना न विचारता मोजणं हे त्याच जातीचं काम आहे.

दुसरा बदल मंचाबाबत. तो वाचण्यासाठी माणूस नेमलेला हवा, ते त्याचं काम म्हणून मोजलेलं हवं. शिक्षिकेचा प्रश्न कुणाच्या नजरेस पडलाच नसता तर तो ढग आजही सर्वेक्षणाच्या साठ्यात एक निळा डाग म्हणून पडून असता. प्रकल्पांची अंदाजपत्रकं मांडली जातात तेव्हा सर्व्हरसाठी तरतूद असते, वाचणाऱ्यासाठी नसते. मला हे खटकतं.

तिसऱ्या गोष्टीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. कलाची चाचणी चालू आहे हे लोकांना आधी सांगावं का? सांगितलं तर ते सावध होतात आणि मोजमाप बदलतं. नाही सांगितलं तर ज्यांच्या सद्भावनेवर सगळं उभं आहे त्यांच्यापासून आपण काहीतरी लपवतो. ‘काही चित्रं बदललेली असतील, कोणती ते सांगणार नाही’ एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवणं मला त्यातल्या त्यात बरं वाटतं.

पुढे काय

2014 मध्ये झालेल्या एका खुल्या स्पर्धेत गॅलॅक्सी झूच्या दुसऱ्या फेरीतली मतं देऊन यंत्रांना शिकवलं गेलं. जिंकलेल्या पद्धतीत प्रत्येक चित्र फिरवून आणि आरशात उलटवून यंत्राला दाखवलेलं होतं. 2007 मध्ये माणसांपुढे धरलेला आरसा आता यंत्राच्या शिकवणीचा भाग झाला होता.

2024 मध्ये युक्लिड अवकाश दुर्बिणीची चित्रं गॅलॅक्सी झूवर आली, तेव्हा जुन्या वर्गीकरणांवर शिकलेलं यंत्र सोबतीला होतं. लोकांकडून थोड्या दीर्घिका पाहून घ्यायच्या, त्यावरून यंत्रानं बाकीच्यांचा अंदाज बांधायचा, अशी नवी वाटणी आहे. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेच्या दहा वर्षांच्या सर्वेक्षणात सुमारे 20 अब्ज दीर्घिका टिपल्या जाणं अपेक्षित आहे. तितकी चित्रं सगळी माणसं मिळूनही पाहू शकणार नाहीत.

इथे एक निर्णय उघडा आहे. यंत्राला जिथे खात्री नाही तीच चित्रं माणसांकडे पाठवली तर वेळ वाचतो. पण त्या शिक्षिकेनं ज्या दीर्घिकेशेजारी डाग पाहिला, तिच्या आकाराबद्दल यंत्राला कदाचित काही शंकाच आली नसती. ‘सर्पिल, खात्री आहे’ म्हणून ते चित्र कुणालाही न दाखवता पुढे सरकलं असतं. म्हणून काही चित्रं, यंत्राची पूर्ण खात्री असलेलीसुद्धा, केवळ चिठ्ठी टाकून निवडून माणसांपुढे ठेवत राहावीत असं मला वाटतं. त्यांच्या शेजारी लिहायला रिकामी जागा असावी, आणि लिहिलेलं वाचायला कुणीतरी असावं.